उद्यम नोंदणी आणि ४५ दिवसांचा कायदा : नऊ माणसांच्या मशीन शॉपमधून एक अभिप्राय

ज्या सेवेबद्दल येथे लिहीत आहे ती विनामूल्य आहे, संसदेने तयार केलेली आहे आणि २०२० पासून मी ती वापरतो आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी, हे तिचे दर्शनी दार, तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळालेच पाहिजेत असे सांगणारा २००६ चा कायदा हे तिचे आतले यंत्र. निवडणुका आल्या की प्रत्येक पक्षाचा उमेदवार आमच्या वसाहतीत फेरी मारतो, लहान उद्योगांना बळ देऊ आणि रोजगार वाढवू असे सांगतो आणि चहा घेऊन पुढच्या सभेला जातो. या मंडळींनी आजवर कायद्याच्या रूपाने जे दिले ते प्रत्यक्षात किती चालते, याचा हिशेब वापरणाऱ्यानेच मांडायला हवा, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारी यंत्रे), वडिलांच्या काळापासूनचे एक इमानी लेथ आणि माझ्याखेरीज नऊ माणसे, एवढाच पसारा. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, विकत घ्यायचे, त्यावर मशीनिंग करायचे आणि तयार भाग मोठ्या कारखान्यांना पोहोचवायचे, हा धंदा. फाउंड्रीवाल्याला पैसे लवकर हवे असतात, कामगारांचा पगार सात तारखेला द्यावाच लागतो, विजेचे बिल कोणासाठी थांबत नाही आणि मोठा कारखाना मात्र त्याच्या सवडीने पैसे देतो. या चौघांच्या मधल्या फटीत आमच्यासारख्यांचे आयुष्य जाते.

प्रथम नोंदणीबद्दल. २००६ च्या कायद्यानंतर जिल्हा उद्योग केंद्रात उद्योजक ज्ञापनाचे दोन भाग भरून द्यावे लागत, २०१५ मध्ये त्याजागी उद्योग आधार आले आणि १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. आधार क्रमांक, त्यावर येणारा ओटीपी आणि पॅन एवढ्यावर काम होते. कागद चढवावे लागत नाहीत, शुल्क नाही, गुंतवणूक आणि उलाढालीचे आकडे आयकर आणि जीएसटीच्या नोंदींतून घेतले जातात. माझी नोंदणी अर्ध्या तासात झाली आणि त्यात सर्वाधिक वेळ ओटीपीची वाट पाहण्यात गेला. सरकारी दारात इतक्या सहज पाय ठेवता येतो याचे मला आजही नवल वाटते. एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. सरकारी वाटावीत अशी खाजगी संकेतस्थळे याच कामाचे दोन-तीन हजार रुपये उकळतात, त्यामुळे पत्ता नीट पाहूनच आत शिरावे. दुसरे म्हणजे, पहिले बिल फाडण्याआधी नोंदणी करून घ्यावी. मागाहून केलेल्या नोंदणीचा आधार आधीच्या व्यवहारांना मिळेलच असे धरून चालता येत नाही.

या दारातून आत आलेल्या सगळ्यांना सारखे ताट वाढले जात नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते. माझ्या मावसभावाचे हार्डवेअरचे दुकान आहे. २०२१ च्या जुलैपासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यममध्ये प्रवेश मिळाला तेव्हा त्याने मोठ्या हौसेने प्रमाणपत्र काढून गल्ल्यामागे फ्रेम करून लावले. पण व्यापाऱ्यांना ही नोंदणी केवळ बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे, उशिरा मिळणाऱ्या पैशांवरचे संरक्षण त्यात नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीसाठी एक कोटीवरून अडीच कोटी आणि उलाढालीसाठी पाच कोटींवरून दहा कोटी झाली. वाढत्या किमती पाहता मर्यादा वाढवणे गरजेचे होते हे मान्य. परंतु दहा कोटींची उलाढाल करणारा कारखानदार आणि एका लेथवर बापलेक मिळून काम करणारे दुकान हे दोघेही आता कायद्याच्या नजरेत ‘सूक्ष्म’ आहेत, आणि रांग एक झाली की धक्का कोणाला बसतो हे सांगायला नको.

आता आतल्या यंत्राकडे. कागदावर पाहिले तर २००६ चा हा कायदा फार विचारपूर्वक लिहिलेला आहे, आणि हे मी कौतुकानेच म्हणतो. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. खरेदीदाराने ऑर्डरवर ९० दिवस छापले म्हणून ते ९० होत नाहीत. मुदत उलटली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. खरेदीदाराने दाद दिली नाही तर राज्य सरकारने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे जाता येते, तिने ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि त्या निकालाविरुद्ध न्यायालयात जायचे असेल तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. लहान माणसाच्या बाजूने इतके दात असलेला दुसरा व्यापारी कायदा मला ठाऊक नाही.

माझा स्वतःचा अनुभव २०२३ चा आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर एका मोठ्या कारखान्याला (नाव घेत नाही, कारण त्यांच्याकडे आजही माल जातो) सुमारे चार लाखांचा माल पोहोचवला. नोव्हेंबर संपला तेव्हा ४५ दिवस पुरे झाले होते. डिसेंबरात त्यांच्या अकाउंट्सच्या खिडकीपाशी गेलो, तेव्हा तेथील तरुणाने संगणकाकडे पाहतच सांगितले, “साहेब, तुमचा जीआरएन पडलेला नाही, त्यामुळे सिस्टिममध्ये बिलच दिसत नाही.” जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांची अंतर्गत नोंद. माल उतरून दोन महिने होत आले होते, त्यातले भाग एव्हाना बहुधा रस्त्यावर धावतही असतील. पण नोंद पडली नव्हती, आणि त्यांच्या मते दिवस तिथूनच मोजायचे होते. मी निमूटपणे परतलो.

कायद्याची मूळ कलमे मी नंतर एका कर सल्लागाराच्या कार्यालयात बसून वाचली. दिवस मोजायचे ते माल प्रत्यक्ष पोहोचला त्या तारखेपासून. खरेदीदाराची काही तक्रार असेल तर ती त्याने १५ दिवसांच्या आत लेखी कळवली पाहिजे, न कळवल्यास माल ज्या दिवशी पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे कायदा समजतो. जीआरएनचा तिथे उल्लेखही नाही. ज्याने हा मसुदा लिहिला त्याला अकाउंट्सची ती खिडकी नेमकी माहीत असावी. त्याच बैठकीत आम्ही व्याजही काढले. बँक दर त्या वेळी ६.७५ टक्के होता, त्याची तिप्पट २०.२५ टक्के, चार लाखांवर नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तीन महिन्यांचे सुमारे २०,६०० रुपये होत होते. माझ्याकडे व्हीएमसीवर काम करणाऱ्या मुलाचा एका महिन्याचा पगार त्यातून निघाला असता.

सुविधा परिषदेकडे तक्रार नोंदवण्यासाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले होते. ऑर्डर, बिल, शिक्का मारलेले चलन (मालासोबत जाणारा पोचीचा कागद) आणि उद्यम प्रमाणपत्र असे सगळे कागद मी एका फाइलमध्ये लावले. सल्लागारानेही हे प्रकरण पक्के असल्याचा निर्वाळा दिला. तक्रार मात्र मी दाखल केली नाही. त्या कारखान्याकडून माझे निम्म्याहून अधिक काम येते. व्याजाचे वीस हजार मिळाले असते, पण पुढच्या महिन्याचे वेळापत्रक आले नसते तर नऊ घरांचा प्रश्न उभा राहिला असता. पाण्यात राहून माशाशी वैर धरता येत नाही, आणि या कायद्याचे सगळे दात वापरायचे तर पहिले बोट त्या माशाकडे मीच दाखवावे लागते. आमच्या गाळ्यांच्या रांगेत ज्यांनी असा दावा लावला ते दोघेही त्या ग्राहकाशी संबंध संपल्यावरच तिकडे वळले होते. चालू ग्राहकाविरुद्ध कोणी गेल्याचे मला तरी आठवत नाही.

चार लाख अखेर मिळाले, ते २८ मार्च २०२४ रोजी, आणि ते माझ्या कोणत्याही प्रयत्नाने नव्हे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये (एच) हे पोटकलम घातले होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे मुदतीत दिले नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असा त्याचा आशय. फेब्रुवारीत त्या कारखान्याचे पत्र आले, त्यात उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागितली होती. मागोमाग खरेदी विभागातून फोन आला आणि पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने विचारले, “तुम्ही सूक्ष्ममध्येच येता का? मध्यममध्ये नाही ना?” मध्यम उद्योगांना हे पोटकलम लागू नाही. त्यांच्या स्वरातली निराशा मला फोनवरूनही कळली. परंतु ज्या नोंदीविना माझे बिल चार महिने अदृश्य होते, ती नोंद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सापडली.

या सबंध व्यवस्थेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग, आणि त्याचे कारण साधे आहे. इथे मला कोणाविरुद्ध हात वर करावा लागला नाही. कायदा, खरेदीदार आणि त्याचा लेखापरीक्षक या तिघांत जे व्हायचे ते झाले, आणि मी आपला मशीनवर उभा होतो.

दोष नाहीत असे नाही. त्या वर्षी काही खरेदीदारांनी लहान पुरवठादारांना नोंदणीच रद्द करण्याची गळ घातल्याचे आणि काहींनी ऑर्डरी मध्यम उद्योगांकडे वळवल्याचे पुष्कळ बोलले गेले. त्याहून मोठा दोष या तरतुदीच्या रचनेतच आहे. एप्रिलचे बिल ४५ ऐवजी २०० दिवसांनी दिले, तरी ते त्याच आर्थिक वर्षात दिलेले असल्याने खरेदीदाराचे आयकराच्या दृष्टीने काही बिघडत नाही. चिमटा बसतो तो केवळ ३१ मार्चला थकलेल्या रकमेवर. परिणामी मार्चमध्ये पैशांचा पूर येतो, आणि एप्रिलपासून पुन्हा खिडकी, जीआरएन आणि ‘सोमवारी बघू’. वर्षातून एकदा पिकणारे पीक म्हणून ते चांगले आहे, पण पगार बारा वेळा द्यायचा असतो.

याच संसदेच्या दुसऱ्या एका कायद्याचा आणि या कायद्याचा मेळ का नाही, हे कोडे मला सुटलेले नाही. जीएसटी बिल फाडल्यावर लागू होतो, पैसे मिळाल्यावर नव्हे. म्हणजे ऑक्टोबरच्या त्या बिलावरचा कर मी माझ्या खिशातून २० नोव्हेंबरला भरला, आणि खरेदीदाराने ज्या बिलाचा छदामही दिला नव्हता त्यावरचे क्रेडिट घेण्याची, म्हणजे तेवढा कर स्वतःच्या करातून वजा करण्याची, त्याला मुभा होती. पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर त्याला ते क्रेडिट परत करावे लागते, असे जीएसटी कायदा म्हणतो. एक कायदा ४५ दिवस म्हणतो, दुसरा १८०. साहजिकच खरेदीदाराच्या संगणकात दुसराच आकडा भरलेला असतो. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराच्या बाबतीत या १८० च्या जागी ४५ एवढा एक आकडा बदलला, तर बिल कोणी लपवून ठेवणार नाही, कारण दरमहा त्याचाच तोटा होईल. नवे कार्यालय नको, नवी योजना नको, अनुदान तर नकोच. आमच्या भागातील खासदार पुढच्या वेळी चहाला येतील तेव्हा त्यांच्यापुढे मी हा एकच कागद ठेवणार आहे.

कंपन्यांना सूक्ष्म आणि लघु उद्योगांची ४५ दिवसांपेक्षा अधिक काळ थकवलेली देणी दर सहा महिन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाला कळवावी लागतात, हे २०१९ च्या एका आदेशाने बंधनकारक झाले आहे. याचा अर्थ कोणी कोणाचे किती थकवले, ही माहिती सरकारदरबारी थकवणाऱ्याच्या सहीनिशी जमा होते. ती परिषदेकडे आपोआप गेली आणि व्याजाची नोटीस परिषदेने स्वतःहून काढली, तर तक्रारदार म्हणून माझे नाव कुठेच येणार नाही. सुविधा परिषदा राज्य सरकार नेमते, त्यामुळे येथे आमदारांचेही काम आहे. आपल्या विभागाच्या परिषदेपुढे किती दावे आले आणि त्यांपैकी किती ९० दिवसांत निकाली निघाले, असा तारांकित प्रश्न दर अधिवेशनात विचारला, तरी पुष्कळ फायली हलतील.

ट्रेड्स या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. मोठ्या कंपनीने मंजूर केलेले बिल तिथे बँकांपुढे ठेवता येते आणि थोडी रक्कम कापून पैसे लगेच हातात पडतात. वार्षिक उलाढाल २५० कोटींच्या वर असलेल्या कंपन्यांना तिथे नाव नोंदवणे आता सक्तीचे आहे. नाव नोंदवणे सक्तीचे, बिल मंजूर करणे नव्हे. माझ्या ग्राहकाचे नाव तिथे आहे. माझे एकही बिल अजून तिथे गेलेले नाही.

रोजगाराच्या योजनांकडे वळताना थोडे मागे जावेसे वाटते. आम्ही दरवर्षी २,५०० रुपये व्यवसाय कर भरतो आणि भरताना कुरकुरतो. पण १९७५ साली हा कर आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. त्या योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गृहस्थांनी शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ती आधी करून पाहिली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कायद्यातही हक्क मागणाऱ्यालाच मिळत होता, परंतु तिथे मजूर काम मागत होता ते सरकारकडे. मागितल्यामुळे त्याचे असलेले काम जाणार नव्हते. माझ्या फाइलीतले कागद आणि त्या मजुराचा अर्ज यांत फरक आहे तो एवढाच.

२०२५ मध्ये आलेल्या पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत, १ ऑगस्ट २०२५ नंतर घेतलेल्या प्रत्येक वाढीव कामगारामागे मालकाला दोन वर्षे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मिळतात. उत्पादन क्षेत्रात आणखी दोन वर्षे. पन्नासपेक्षा कमी माणसे असतील तर किमान दोन नवी माणसे घ्यावी लागतात. वाचून आनंद झाला, पण सगळा हिशेब भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीवर चालतो आणि तो कायदा वीस माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो. नऊ माणसांच्या मालकाने स्वेच्छेने त्यात जावे अशी सोय आहे, मात्र स्वेच्छेने गेले की पुढची सगळी कारकुनीही स्वेच्छेनेच ओढवून घ्यावी लागते. ज्या दुकानाने नवव्यावरून अकराव्या माणसाकडे जावे असे सरकारला वाटते, त्याच दुकानापर्यंत हा पाट पोहोचत नाही. दहा माणसे झाली की राज्य कामगार विमा लागू होतो, म्हणून लोक नऊवर थांबतात असे म्हटले जाते. माझ्यापुरते सांगायचे तर मालकाचा ३.२५ टक्के हिस्सा मला जड नाही, उलट बोट कापलेल्या माणसाला घेऊन दवाखान्यांत धावाधाव केल्यावर तो स्वस्तच वाटतो. मी नऊवर थांबलो आहे तो बिले अडकल्यामुळे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कर्जयोजनांचा माझा अनुभव अप्रत्यक्ष आहे. माझ्याकडे तीन वर्षे काम केलेल्या एका मुलाने मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाखाली साडेआठ लाखांचा प्रस्ताव दिला. प्रवर्ग आणि ठिकाण यांनुसार १५ ते ३५ टक्के अनुदान देणारी ही योजना चांगलीच आहे. जिल्हा पातळीवर प्रस्तावाची शिफारस झाली. अडले ते बँकेत. दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले असताना शाखेने (तिचेही नाव घेत नाही) त्याच्या वडिलांच्या प्लॉटचा उतारा मागितला. दुसऱ्या बँकेने पाच महिन्यांनी ते कर्ज दिले. आज त्याच्याकडे दोन माणसे आहेत, आणि त्याचेही एक बिल अडकलेले आहे.

एक कबुली दिल्यावाचून हा अभिप्राय प्रामाणिक ठरणार नाही. माझा फाउंड्रीवालाही लघु उद्योजक आहे आणि कायद्याच्या नजरेत मी त्याचा खरेदीदार आहे. गेल्या वर्षी त्याची तीन बिले मी ४५ दिवसांनंतर दिली. त्याने तक्रार केली नाही, फक्त पुढच्या खेपेला कास्टिंग आठवडाभर उशिरा पाठवले, आणि आम्ही दोघांनीही त्याबद्दल एक अक्षर काढले नाही.

गुण द्यायचेच तर नोंदणीला पाचपैकी साडेचार, कलम ४३बी (एच) ला साडेतीन, आणि परिषदेच्या मार्गाला कागदावर पाच पण वापरात दीड. नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांना एवढेच सांगेन की चलनाकडे लक्ष द्या. आमचा टेम्पो माल उतरवतो त्याच दिवशी गेटवर शिक्का, सही आणि हाताने लिहिलेली तारीख घेतल्याशिवाय ड्रायव्हरने परत फिरायचे नाही, असा नियम मी २०२४ पासून केला आहे. गेटवरचा माणूस दर वेळी कुरकुरतो, पण अजून त्याने सही नाकारलेली नाही.